मोनीच्या दाढेला जागा

१४ जानेवारी, मंगळवार

सविताक्का,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतंय ते शाळेत शिकवलं हुतं, पन त्या तासाला मी आन गोरक्षनाथ मागच्या भिंतीवरनं उडी मारून उसात गेल्तो. म्हनून डायरेक सुरू करतो. मी कानिफ. तुझा भाऊ. फाडायचं असंल तर फाड, पन आधी वाच.

तुझा नंबर लागत न्हाई. आण्णांनी समद्यांच्या मोबाईलातनं काढला, आन तू बी सिम बदललं. मागं राखी पाठवलीस ती आईनं चुलीत टाकली, पाकीट मी उचललं. त्याच्यावर नाशिकचा पत्ता हुता. कपाटात पेपराखाली ठेवलाय. तेच बघून लिहितोय.

तू बोलत न्हाईस ते बरोबरच हाय. तू त्या दिवशी त्याच्यासंगं पळून जायला स्टँडवर हायेस हे आण्णांना मीच सांगितलं. मला वाटलं, तुमी दोघं म्होरं पळताल, आण्णा मागं पळतील, मी व्हिडिओ काढीन, लई मजा. स्टँडवर चार लोकांत ते तुला मारतील हे डोक्यात आलंच न्हाई. व्हिडिओ काढला न्हाई मी. एवढंच सांगतो.

आता कामाचं. तू नर्स हायेस म्हनून इचारतो. आज संक्रांत. आपल्या मोनीला तिळाची वडी चावंना. उजव्या अंगाला खाली, समद्यात मागं, दाढ येतीय. अर्धी वर, अर्धी हिरडीखाली. अक्कलदाढ. मी म्हनलं, "मोने, तुला कशाला आली गं? चुकीच्या घरी आली." तर तिनं वडीच फेकून मारली. लागली बी.

घोडेगावच्या बाजारात आण्णा बैलाचा ओठ वर करून एका नजरेत वय सांगत्यात, दोनदाती, चारदाती, जुळला. आसाराम दलालानं दात बघितला म्हनलं की घेनारा दुसऱ्याला इचारत न्हाई. मी बी आता दहातले नऊ बरोबर सांगतो. पन मानसाच्या तोंडातलं आमाला काय कळनार?

दवाखान्यात नेता येत न्हाई. तू गेल्यापासनं दोन वर्सं दारात कुनी पाव्हना आला न्हाई. आता राहुरीकडचं एक स्थळ आलंय. पोरगा नगरला एमआयडीसीत कंपनीत, पर्मनंट. नऊ फेब्रुवारीला बघायला येनार. आण्णा म्हनत्यात, "एक गेली ती गेली, ही तरी मांडवातनं जाऊ दे." मोनीला तोंडाला फडकं बांधून येष्टीत बसवली तर नेवाशाला पोचायच्या आधी गावात बोंब हुईल की आसारामच्या पोरीच्या तोंडात खोट हाय.

तर औषधाचं नाव लिहून पाठव. चिठ्ठीवर. तुझं नाव खाली टाकू नको, मेडिकलवाला आण्णांचा दोस्त हाय.

कानिफ

२५ जानेवारी, शनिवार

आक्का,

तुझी चिठ्ठी आली न्हाई. चालंल. मला दुसरा उपाय घावला, तीन हजार वर्सांपूर्वीचा. हसू नको, खरंच.

नदीकाठचं पांढरीचं टेकाड तुला म्हाईत हाय. मागच्या उन्हाळ्यात तिथं पुन्याच्या सुमेधा मॅडम खोदाय आल्त्या. मी रोजावर हुतो, माती चाळायला. तिथं एक आख्खा मानूस निघाला. झोपल्यागत. मॅडम ब्रशनं त्याच्या तोंडावरची माती झाडत हुत्या, तासन्‌तास, आईनं पोराचं तोंड पुसावं तशा. मला राहवलं न्हाई. दुपारी समदे जेवाय गेले तवा मी राहीबाई म्हातारीची कवळी आनली, वट्यावर वाटीत पान्यात ठिवलेली असतीय ती, आन त्याच्या तोंडात बसवली. वरनं माती भुरभुरली.

मॅडम आल्या, बसल्या, बघितलं. मला वाटलं आता किंचाळतील. त्या म्हनल्या, "कानिफ, हे दात तीन हजार वर्षांपूर्वीचे नाहीत. हे नगरच्या कुठल्यातरी डेंटिस्टचे आहेत. ज्यांचे आहेत त्यांना नेऊन दे, त्या जेवायच्या खोळंबल्या असतील."

एवढं बोलून त्यांनी मला शिक्षा दिली. महिनाभर दात धुवायचे. माझे न्हाई, त्याचे. आन धुताना त्या सांगायच्या.

लई लई आधी मानूस कच्चंच खायचा. कंद, मुळं, मास. दिसभर नुसतं चावायचं. तोंड फुडं आलेलं, जबडा ह्यो एवढा. मग दगडाच्या धारेनं कापाय शिकला, मग इस्तवावर शिजवाय शिकला. दाताचं काम हातानं आन चुलीनं घेतलं. तोंड बारीक हुत गेलं. मग शेती आली. घुगऱ्या, आंबील, भाकरी. आपला टेकाडातला बाबा ह्या शेतीवाल्यांतला. त्याच्या दाढा झिजून पाट्यावानी सपाट, कारन जात्याची कच भाकरीत यायची. दोन दाढांना कीड बी हुती. मॅडम म्हनल्या, धान्य आलं तशी कीड वाढली, शिकाऱ्यांना एवढी नसायची. पन आक्का, दाढा समद्या वळीत. शेवटची बी. कशी ऐसपैस बसलीय, पाटलावानी.

मग त्यांनी माझ्या तोंडात बॅटरी मारली. "आणि हे बघ आपलं. दात आजोबांचे, जबडा नातवाचा. पानं मांडली अठ्ठावीस आणि पाव्हणे आले बत्तीस. शेवटचे चार उभेच राहणार."

मी म्हनलं, "जबडा बारीक झाला तो हजार वर्सांत का एका जन्मात?"

त्या म्हनल्या, "दोन्ही. जबडा म्हणजे हाड आहे. चावशील तसा वाढतो, मऊ खाल्लंस की लहान राहतो."

फुडं बी काय तरी म्हनल्या, पन तेवढ्यात चहा आला. पन हे वाक्य मी पाठ केलं. शाळेतली एक कविता पाठ न्हाई, हे हाय.

आता मोनीचं बघ. ती काय खाती? टोस्ट चहात बुडवून, खारी, मॅगी, पाच रुपयाचे कुरकुरे. तिचा जबडा वाढंल कशाला! तर मी तिला सांगितलं, पंधरा दिवस हायेत, जागा करून दिऊ दाढेला. सकाळी ऊस, दातानं सोलून, विळा लावायचा न्हाई. दुपारी कच्ची ज्वारी मूठभर. सुकं खोबरं. राती शिळ्या भाकरीचा कडक पापुद्रा. आन समदं उजवीकडनंच चावायचं, जागा तिकडं पायजे ना.

मोनी म्हनली, "म्या बैल हाय का रं?"

मी म्हनलं, "बैलाला अक्कलदाढंचा तरास झालेला कधी ऐकला का?"

ती इचारात पडली. आता रोज मागच्या दारात बसून चावती. डोळ्यातनं पानी येतं, पन चावती. तिला हे स्थळ पायजेच हाय आक्का. तिनं पोराचा फोटो बघितलाय. मला म्हनली, "नगरला फ्लॅट हाय त्याचा, तिथं शेनाचा वास येत नसंल."

आई म्हनती, पोरगी ऊस लई खाया लागलीय, शुगर फॅक्टरी घरातच काढावी.

कानिफ

२ फेब्रुवारी, रविवार

आक्का,

जानेवारीच्या शेवटच्या दोन-तीन दिसांत मोनीचा गाल सुजला हुता. म्हनजे जरासा. आईला सांगितलं गांधीलमाशी चावली. आईनं चुना लावला. मोनी चुना लावून बसली आन मला अशी बघत हुती की मी गोठ्यातच झोपावं.

परवा तिला जेवताच येईना. रडली. ती रडत न्हाई ते तुला म्हाईत हाय, तू गेलीस तवा बी न्हवती रडली, नुसती भांडी घासत बसल्ती दुपारभर. मी बॅटरी लावून बघितलं. दाढेवर हिरडीची पदरावानी एक घडी, लाल, टच्च. आत पांढरं दिसत हुतं. बैलाच्या खांद्याला गळू हुतं तसंच. आन गळू कसं फोडायचं ते मला म्हाईत हाय.

तर काल दुपारी आण्णा बाजारात, आई रानात, तवा मी ती घडी जरा मोकळी केली. कशानं ते इचारू नको. लई वाईट वास आला, घान निघाली, रगत निघालं. मोनीनं माझ्या हाताला नखं मारली ती अजून हायेत. मग मिठाच्या पान्यानं चुळा भरल्या. आन मग आक्का, ती हसली! म्हनली, "हलकं वाटतंय रं." झोपली बी, चांगली दिवे लागंस्तवर.

आज सूज उतरलीय. आज मला म्हनती, "तू डाक्टर झालास तर आख्खं गाव बोळकं करशील." म्हनजे बरी हाय. तिखट बोलाय लागली म्हनजे बरीच हाय.

तू काळजी करू नको. तू करत न्हाईसच म्हना. हे तुला का लिहितोय ते मला बी कळत न्हाई. बहुतेक कुनाला तरी सांगायचं हुतं की मी कायतरी चांगलं केलं.

कानिफ

६ फेब्रुवारी, गुरुवार

आक्का,

हे पत्र मी नेवाशाला जाऊन टाकनार हाय, म्हनजे लवकर निघंल.

सूज परत आलीय. गालावर न्हाई, खाली. हनुवटीच्या खाली, मधी. बोट लावलं तर दगडावानी लागतंय. मंगळवारी तोंडात तीन बोटं जात हुती, काल दोन, आज एक, ते बी कसंबसं. गोळ्या आनल्या, मेडिकलवाल्याला माझी दाढ दुखती म्हनून सांगितलं. आईला वाटतंय पोरगी लाजती, लग्न ठरायच्या आधी समद्याच पोरी कमी जेवत्यात. आण्णा लई खूश हायेत. वट्याला रंग दिला. दोन वर्सांत पैल्यांदा त्यांनी शिट्टी वाजवली.

मला मॅडमला इचारायचं हुतं, पन मोनीनं शपथ घातलीय, तिचं नाव कुटं घ्यायचं न्हाई. मग मी डोकं लावलं. मॅडमला मेसेज केला. म्हनलं, पाटाच्या पान्यानं टेकाडाची कड ढासळली, एक जबडा निघालाय. शेवटची दाढ अर्धी वर, अर्धी हाडात, वाकडी. तिच्या खाली हाडाला भोक हाय. ह्या मानसाला काय झालं असंल?

त्यांचा लगेच आवाजाचा मेसेज आला. लई आनंदल्या हुत्या. तो मी चौदा वेळा ऐकलाय, म्हनून हाय तसा लिहितो.

"कानिफ, हात लावू नकोस कशालाही, फार महत्त्वाचं आहे हे! शेतीच्या काळातलं असणार. जबडा आखूड होत गेला आणि शेवटच्या दाढेला जागा उरली नाही, त्याचा इतका जुना पुरावा आपल्याकडे नव्हता. ते भोक म्हणजे पू हाड खाऊन बाहेर आला. खालच्या दाढेचा पू जिभेखाली उतरतो, तिथून गळ्यात. आधी तोंड उघडत नाही, मग गिळता येत नाही, मग श्वास. चार-आठ दिवसांत गेला असेल बिचारा. आज असता तर दवाखान्यात नेऊन वाचला असता, तेव्हा कोण नेणार? मी पुढच्या आठवड्यात येते. तोवर कुणाला सांगू नकोस."

मग मी इचारलं, चावून चावून जबडा वाढवला असता तर? त्यांनी लिहिलं, "वाढत्या वयातच. चौदा-पंधरानंतर हाड ऐकत नाही. सांगितलं होतं की तुला."

सांगितलं असंल. चहा आला हुता.

मोनी वीस वर्सांची हाय.

मी तिला मेसेज ऐकवला. गोठ्यामागं नेऊन, कानाला लावून. तिनं आख्खा ऐकला. मी म्हनलं, "मोने, आत्ताच्या आत्ता आण्णांना सांगू. नगरला जाऊ."

ती दातांमधनं बोलती आता, तोंड न हलवता. म्हनली, "रविवार हुं दे."

"मोने, गळ्यात उतरतंय ते."

"तीन दिस हायेत. आज नगरला नेलं तर रविवार मोडला. रविवार मोडला तर परत कोन यील ह्या घरी? आक्काचं निभावून आलेत ते. माझ्या तोंडाचं बी निभावतील का? सोमवारी ने. सोमवारी म्या स्वतः टेम्पोत बसते."

मी म्हनलं, "आन श्वास..."

"घेतीय ना म्या. हा बघ घेतला." आन तिनं घेऊन दाखवला.

मी हो म्हनलो आक्का. म्हनून तुला लिहितोय. हे तुला सोमवारी मिळंल. मला मदत नको तुझी, मला म्हाईत हाय काय करायचं ते. फक्त मी हो म्हनलो हे कुनाला तरी म्हाईत पायजे. नाशिकला म्हाईत असलं तरी चालंल.

कानिफ

९ फेब्रुवारी, रविवार, दिवस मावळताना

आक्का,

हे पोस्टात टाकाय येळ न्हाई, खिशात ठिवतो. गोरक्षनाथचा टेम्पो येतोय, तोवर लिहितो.

पाव्हने दुपारी आले. सात मानसं. पोरगा, त्याचे आईबाप, मामा, आन आनखी कोनकोन. मोनीला आईनं हिरवी साडी नेसवली. हनुवटीखालची सूज दिसू नये म्हनून मोनीनं पदर गळ्याभवती असा घेतला की पोराची आई म्हनली, "संस्कार हायेत हो." आण्णांची छाती फुगली.

पव्ह्याची ताटली आनताना ती ताठ चालत हुती. मान वळत न्हवती तिची. आक्का, मला वाटलं लाजंनं. खरंच वाटलं.

पोराच्या आईनं नाव इचारलं, शिक्षन इचारलं. मोनी दोन-दोन शब्दांत दातांमधनंच बोलली. मग ती बाई म्हनली, "हस की गं जरा पोरी, आमी काय खातो का तुला?"

मोनी हसली.

ओठ दोन्हीकडनं मागं वढले, दात समदे दिसले, भुवया वर गेल्या. आन ते तसंच राहिलं. पाव्हनी म्हनली, "हसरी हाय बाई, घरात अशीच पायजे." मामा म्हनला, "दात बघा कसे, मोत्यावानी." पोरगा लाजला. आण्णा माझ्याकडं बघून मान हलवत हुते, बाजारात सौदा जमला की हलवत्यात तशी.

मोनी हसतच हुती. तिचे डोळे माझ्याकडं हुते. डोळे हसत न्हवते.

पसंत म्हनले. तिथंच म्हनले. तारीख कळवतो म्हनले. गाडी वळली, आई आत आली आन म्हनली, "आता पुरे की गं हसनं, गेले ते." मोनी तशीच बसल्ती. आईनं गालाला हात लावला. गाल लाकडावानी. मग आईच्या हातनं पेला पडला, स्टीलचा, फरशीवर वाजला, आन मोनीचं आख्खं आंग उडालं. पाठीची कमान झाली. असं मी बैलाचं बी बघितलं न्हाई.

आण्णा गल्लीत वरडत गेले गाडीसाठी. चपला न्हाईत पायात.

टेम्पो आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार, नगर, दवाखाना

आक्का,

तू आलीस. सकाळी जिन्यातनं वर येताना दिसलीस आन मला वाटलं मी झोपेत हाय. म्हनजे पत्र पोचलं, दवाखाना तू गावात कुनाला तरी इचारला असशील. तू बाकड्याच्या त्या टोकाला, मी ह्या टोकाला, मधी आण्णा. त्यांनी तुला बघितलं, सरकून जागा दिली, पन बोलले न्हाईत. तू बी न्हाई. दीड तास झाला तिघं भिंतीकडं बघतोय. मला तोंडानं बोलता येत न्हाई म्हनून हे गुडघ्यावर लिहितोय, झालं की खिशातल्या पत्रासंगं आण्णांच्या पाठीमागनं तुझ्याकडं सरकवतो. आण्णांना वाटतंय मी औषधांचा हिशोब मांडतोय.

तुला जे सांगितलं न्हाई कुनी ते सांगतो. परवा राती गळ्याला भोक पाडून नळी घातली. जिभेखाली कापून पू काढला, दाढ काढली. डाक्टर म्हनला, आता उतार पडाय पायजे. पडंना. अंगाला झटके यायचे थांबंनात. आत दिवा लावला तरी येतो, ट्रॉली वाजली तरी येतो. आता अंधार करून, गुंगी देऊन ठिवलंय. डोळ्यांवर पट्टी हाय. ते हसू अजून गेलेलं न्हाई आक्का. गुंगीत बी हाय.

काल डाक्टरनं आमाला तिघांना बोलवलं. तरुनच हाय, डोळे तांबडे झालेले. म्हनला, "दाढेचा पू गळ्यात उतरला, एवढं दिसतंय मला. पण हे झटके नुसत्या पुवाचे वाटत नाहीत. हिला कुठं जखम झाली होती का? लोखंड, खिळा, काही टोचलंय? तोंडात कुणी काही घातलं का? नीट आठवून सांगा. दोन आजारांची दोन औषधं आहेत आणि जखम कुठली, कधीची, ते मला कळलं पाहिजे."

आई म्हनली, "न्हाई हो साहेब, लवंग ठिवली असंल दाढंत, बाकी काय न्हाई."

आण्णा म्हनले, "माझ्या पोरीला हात लावायची कुनाची टाप हाय?"

डाक्टरनं माझ्याकडं बघितलं. आक्का, तुला म्हाईत हाय मला तोंड गप ठिवता येत न्हाई. नको तिथं बोलून मी वाटोळं केलंय, तुझंच केलंय. आन काल मी डाक्टरला काय म्हनलो म्हाईत हाय? "तिनं शंभर रुपयाचा ऊस खाल्लाय साहेब, तेवढंच." आई रडता रडता हसली. डाक्टर हसला न्हाई. परत आत गेला.

काल दुपारपास्नं मी चार वेळा त्या दारापर्यंत जाऊन आलोय. सकाळी पोराच्या आईचा फोन आला, वीस एप्रिल जमतंय का म्हनून. आण्णा म्हनले, जमतंय.

आता ऐक. एक तारखेला, शनिवारी, दुपारी दोनच्या टायमाला मी मोनीची हिरडी दाभनानं टोचली. वेसन घालायचा दाभन. सकाळी आण्णांनी त्याच दाभनानं तांबड्या गोऱ्ह्याचं नाक टोचलं हुतं आन पुसून गोठ्यात शेनानं सारवलेल्या भिंतीत खोचून ठिवला हुता. मी तो उपसला, गोठ्यातल्याच फडक्यानं पुसला. काडी वढून टोक धरलं, काडी विझली. दुसरी वढनार हुतो. मोनी म्हनली, "लवकर कर रं, आई यील." मग तसाच घातला. एकदा न्हाई, तीन वेळा. खोल गेला. टोकाला गंज हुता. मला दिसला हुता.

डाक्टरला ह्यातलं कायच म्हाईत न्हाई. गुंगी कमी झाली तरी तिला बोलता यायचं न्हाई, नळी हाय. म्हनजे सांगनारा मी एकटा, आन माझे पाय त्या दाराशी जाऊन थांबत्यात. तू नर्स हायेस. तुला त्या औषधाचं नाव म्हाईत असंल. तू आत गेलीस तर तुला कुनी अडवनार न्हाई. दाभन, गोठा, शेन, एक तारीख, दुपारी दोन, तीन वेळा. एवढं सांग. आण्णांना मी सांगतो, तुझी पाठ दाराआड गेली की. ते मला काय करतील ते करू देत, तू मागं वळून बघू नको.

हितनं खाली कागद कोरा हाय, वाचत बसू नको.

ऊठ, आक्का.